गोल्ड स्टार फॅमिली नंबर प्लेट: अमेरिकेतल्या वीरमाता-वीरपित्यांसाठी, आणि त्यांच्यासाठी धावपळ करणाऱ्यांसाठी

अमेरिकन सैन्यात माणूस गमावलेल्या घरांना तिथली राज्यं गाडीसाठी सोनेरी ताऱ्याची खास नंबर प्लेट देतात, तीच ही गोल्ड स्टार प्लेट. ती काढायला थेट गाड्यांची नोंदणी होते त्या ऑफिसात जायची घाई करू नका, हे सगळ्यात आधी. आमच्या ओळखीतल्या एका ताईंचा मुलगा अमेरिकन आर्मीत होता, अफगाणिस्तानात ड्युटीवर असताना वारला, आणि कित्येक वर्षांनी ताईंच्या मनात आलं की आपल्या गाडीवर ती सोनेरी ताऱ्याची प्लेट असावी, तर कुणाला काही न सांगता त्या एकट्याच गेल्या, टोकन घेऊन बसल्या, आणि खिडकीवर पुरावा मागितला तेव्हा पर्समधून त्याचा युनिफॉर्ममधला फोटो काढून दाखवला. कागद एकही जवळ नव्हता. घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग आम्ही तिघांनी बसून सगळं नीट केलं, फोन केले, कागद गोळा केले, आणि त्यात जे जे कळलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण मराठीत हे कुठेच लिहिलेलं मला सापडलं नाही आणि आपली मुलं आता इथल्या सैन्यात बऱ्यापैकी जायला लागलीयेत.

माझी एक विनंती आहे. शक्य असेल तर ही सगळी धावपळ आईवडिलांनी किंवा बायकोने करू नये, भावाने, मित्राने, शेजाऱ्याने करावी. सही तेवढी त्यांची घ्यावी. प्रत्येक खिडकीवर तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

सोनेरी तारा कुठून आला

१९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, ओहायोचे कॅप्टन रॉबर्ट क्वीसर यांनी खिडकीत लावायचा एक छोटा झेंडा तयार केला, त्यांची स्वतःची दोन मुलं फौजेत होती. पांढऱ्या कापडाला लाल कड आणि मधे निळे तारे, घरातले जितके जण फौजेत तितके तारे. मुलगा गेला की निळ्या ताऱ्यावर सोनेरी तारा शिवायचा. १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मुलं गमावलेल्या आयांनी काळ्या पट्टीवर सोनेरी तारा लावावा या सूचनेला मान्यता दिली. त्याच वर्षी ग्रेस डार्लिंग सीबोल्ड या बाईंचा वैमानिक मुलगा जॉर्ज फ्रान्समध्ये मारला गेला, आणि त्यांच्या पुढाकाराने ४ जून १९२८ ला वॉशिंग्टनमध्ये २५ आयांनी मिळून अमेरिकन गोल्ड स्टार मदर्स ही संस्था काढली. १९३६ पासून सप्टेंबरचा शेवटचा रविवार गोल्ड स्टार मदर्स डे म्हणून पाळतात. आपल्याकडे वीरमाता, वीरपत्नी म्हणतो तोच मान या ताऱ्यात आहे, फक्त इथे तो भावाबहिणींपर्यंत आणि मुलांपर्यंतही जातो.

नंबर प्लेट मात्र केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं. इथेच निम्मा गोंधळ होतो. टेक्सासमधल्या मावसभावाने सांगितलेलं न्यू जर्सीत लागू होईलच असं नाही, तेव्हा खालचं सगळं वाचून झालं की आपल्या राज्याच्या पानावर जाऊन पात्रता आणि फी तपासाच.

पायरी १: आपण पात्र आहोत का ते बघा

दोन प्रश्न असतात. सैनिक कसा गेला, आणि तुम्ही त्याचे कोण.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा त्या कोटावर लावायच्या पिनवरून कळतं. अंत्यसंस्काराच्या वेळी किंवा नंतर सैन्याकडून घरच्यांना पिन दिली जाते आणि ती दोन प्रकारची असते. जांभळ्या गोलावर सोनेरी तारा आणि बाजूने लॉरेलची पानं असतील तर ते गोल्ड स्टार लॅपल बटन, ते १९४७ च्या कायद्याने सुरू झालं आणि मुख्यतः लढाईत, शत्रूच्या कारवाईत किंवा दहशतवादी हल्ल्यात गेलेल्यांच्या घरच्यांना मिळतं. तारा आणि बाजूने ओकच्या फांद्या असतील तर ते नेक्स्ट ऑफ किन बटन, म्हणजे सेवेत असतानाच गेला पण लढाईत नाही, ट्रेनिंगमधला अपघात, आजारपण, आत्महत्या, असं काही. काही राज्यं दोन्ही घरांना प्लेट देतात, काही फक्त पहिल्यांना. ओकवाली पिन असेल म्हणून आधीच माघार घेऊ नका, राज्याच्या नियमात "लढाईत मृत्यू" लिहिलंय का "सेवेत असताना मृत्यू" लिहिलंय ते शब्द नीट वाचा, आपलं उत्तर तिथेच असतं.

आत्महत्येबद्दल एक वाक्य, कारण आपल्या समाजात त्यावर कुणी बोलत नाही. मुलगा सेवेत असताना असा गेला असेल तर आईबापांनी लाजेने मागे राहायचं काही कारण नाही, टॅप्स नावाची संस्था १९९४ पासून सैन्यात असताना वारलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना आधार देते, मृत्यू कसाही झालेला असो, आणि कागदपत्रांच्या बाबतीतही कुणाकडे जायचं ते सांगते.

दुसरा प्रश्न नात्याचा. नवरा किंवा बायको आणि आईवडील सगळीकडे धरतात असं समजा. भाऊ, बहीण, मुलं बऱ्याच ठिकाणी. आजीआजोबा, सावत्र आईवडील, काका-मावशी काही ठिकाणीच. आईवडील वेगळे झालेले असतील तर दोघं आपापल्या गाडीसाठी स्वतंत्र अर्ज करू शकतात. बायकोने पुन्हा लग्न केलं असेल तर तिचा हक्क राहतो की नाही हे राज्यावर आहे, तेव्हा ते वाचल्याशिवाय तिला "आता तुला नाही मिळणार" असं कुणी सांगू नका, मी एका घरात हे भांडण होताना बघितलंय आणि नियम तिच्या बाजूने निघाला.

पायरी २: डीडी फॉर्म १३००

हा कागद म्हणजे सगळ्याची किल्ली. याचं नाव रिपोर्ट ऑफ कॅज्युअल्टी, म्हणजे सैनिकाच्या मृत्यूचा सैन्याने दिलेला अहवाल. सैनिकाचं नाव, रँक, कुठे आणि कधी गेला, सेवेत होता का, लढाईत का अन्यथा, हे सगळं एका पानावर असतं आणि बऱ्याचदा जवळच्या नातलगांची नावंही असतात. नेहमीचं डेथ सर्टिफिकेट यासाठी पुरत नाही कारण त्यावर तो ड्युटीवर होता हे कळत नाही. आणि डीडी २१४ हा सेवा संपवून बाहेर पडलेल्या सैनिकाचा कागद, तो मागितला तर जोडा पण १३०० च्या जागी तो चालेल असं धरू नका.

बहुतेक घरांत हा कागद असतोच. सैनिक गेल्यावर एक अधिकारी घरी येऊन सगळे फॉर्म भरून घेतो, आर्मीत त्याला कॅज्युअल्टी असिस्टन्स ऑफिसर म्हणतात, त्याने दिलेल्या जाड फाईलमध्ये हा असतो. ताईंच्या घरी ती फाईल कपाटात वरच्या फळीवर, मुलाच्या गणपतीतल्या झब्ब्याखाली ठेवलेली होती, आणि ती कुणी उघडलीच नव्हती. उघडताना सोबत कुणीतरी बसा, त्यात फक्त फॉर्म नसतात, शवविच्छेदनाचे रिपोर्ट असू शकतात, ते आईच्या हातात जाऊ देऊ नका.

सापडला नाही तर ज्या दलात होता त्याच्या कॅज्युअल्टी ऑफिसला विचारायचं. आर्मीचं केंटकीत फोर्ट नॉक्सला, नेव्हीचं टेनेसीत मिलिंग्टनला, एअर फोर्सचं टेक्सासमध्ये रँडॉल्फला, मरीनचं व्हर्जिनियात क्वांटिकोला. आर्मीच्या घरच्यांसाठी सर्व्हायव्हर आउटरीच सर्व्हिसेस म्हणून जवळच्या तळावर माणूसच नेमलेला असतो, आणि घटना कितीही जुनी असली तरी ते मदत करतात, आम्हाला तिथूनच सगळ्यात लवकर उत्तर आलं.

फार जुनी गोष्ट असेल, म्हणजे सूनबाईंचे आजोबा कोरियाच्या युद्धात वारले वगैरे, तर सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला अर्ज करायचा, ऑनलाइन किंवा एसएफ १८० फॉर्मवर. तिथे नवरा-बायको पुन्हा लग्न न केलेले, आईवडील, मुलं आणि भावंडं यांना जवळचे नातलग धरतात. १२ जुलै १९७३ ला या सेंटरला मोठी आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी फाईली जळाल्या, त्यात आर्मीतून १९१२ ते १९६० मध्ये बाहेर पडलेल्यांच्या साधारण ८० टक्के फाईली होत्या. तरी अर्ज करा, पगाराच्या पावत्यांसारख्या दुसऱ्या नोंदींवरून ते माहिती परत जुळवून देतात, फक्त वेळ लागतो.

१३०० वर सोशल सिक्युरिटी नंबर असू शकतो. त्याचा फोटो फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, मूळ कागद कुणाला देऊ नका, चार झेरॉक्स काढून ठेवा.

पायरी ३: नातं सिद्ध करणं, आणि इथेच आपल्या माणसांची गाडी अडते

अमेरिकेत जन्मलेल्या घरात हे पाच मिनिटांचं काम आहे, मुलाचा जन्मदाखला दिला, आईचं नाव जुळलं, झालं. आपल्याकडे मात्र तीन ठिकाणी अडतं.

एक, आईचं नाव. जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव आणि पुढे नवऱ्याचं नाव, पासपोर्टवर वेगळं, लग्नाआधीचं नाव पूर्णच वेगळं कारण काही घरांत सासरी पहिलं नावही बदलतात. इथल्या क्लार्कला हे कळणं शक्यच नाही, त्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या बायका. म्हणून साखळी जोडून द्या: मॅरेज सर्टिफिकेट, नाव बदलाचं गॅझेट असेल तर ते, सिटिझनशिपच्या वेळी नाव बदललं असेल तर नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, आणि वर एक पान साध्या इंग्रजीत, की या कागदावरची अमुक आणि त्या कागदावरची तमुक ही एकच व्यक्ती आहे, ते नोटरी करून घ्या. आम्ही हे पान केलं आणि पुढे एकाही ठिकाणी प्रश्न आला नाही.

दोन, जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं. जन्म झाला तेव्हा बारसं व्हायचं होतं, हॉस्पिटलने नोंद पाठवली, नाव टाकायला परत कुणी गेलंच नाही, त्यामुळे दाखल्यावर नुसतं मुलगा एवढंच. महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत जिथे नोंद आहे तिथे जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर नाव घालून घेता येतं, पण त्याला वेळ जातो आणि तिकडे कुणीतरी धावणारं लागतं. तोपर्यंत थांबायची गरज नाही. मुलाचा जुना भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं असतात. आणि याहून भक्कम म्हणजे डीडी फॉर्म ९३, रेकॉर्ड ऑफ इमर्जन्सी डेटा, सैनिक स्वतः भरतो, त्यात त्याने स्वतःच्या हाताने आई कोण, बाबा कोण ते लिहिलेलं असतं. जन्मदाखला कच्चा असेल तर पूरक पुरावा म्हणून हा नक्की जोडा. ताईंच्या फाईलमध्ये तो निघाला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला होता, मुलाने स्पेलिंगसकट त्यांचं पूर्ण नाव बरोबर लिहिलं होतं, माहेरच्या आडनावासकट.

तीन, भाषा. जुने दाखले नुसते मराठीत आणि हाताने लिहिलेले असतात. त्याचं इंग्रजी भाषांतर करून खाली भाषांतर करणाऱ्याने लिहायचं, की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे, मग नाव, सही, तारीख. घरच्याच माणसाने करू नये, मंडळातलं दुसरं कुणीतरी आनंदाने करेल. शिक्का आणि समासातली नोंद पण भाषांतरात यायला हवी, ती गाळली की कागद परत येतो.

भावंडांनी अर्ज करायचा असेल तर दोघांचे जन्मदाखले लागतात, म्हणजे दोन्हीवर आईवडील तेच आहेत हे दिसतं.

पायरी ४: पडताळणी कोण करतं

बऱ्याच राज्यांत गाडीचं ऑफिस स्वतः पात्रता ठरवत नाही, राज्याचं व्हेटरन्स, म्हणजे माजी सैनिकांचं, खातं ठरवतं. उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात कॅलव्हेट हे खातं आधी तपासून सर्टिफाय करतं आणि मग डीएमव्ही, म्हणजे तिथलं गाडीचं ऑफिस, प्लेट देतं. काही राज्यांत उलट, सगळे कागद थेट प्लेटच्या अर्जासोबतच. ऑफिसची नावंही वेगवेगळी, न्यू जर्सीत मोटर व्हेइकल कमिशन, मॅसॅच्युसेट्समध्ये आरएमव्ही, ओहायोत बीएमव्ही, इलिनॉय आणि मिशिगनमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट, टेक्सासमध्ये काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं) टॅक्स ऑफिस, जॉर्जियात काउंटीचं टॅग ऑफिस.

माझा सल्ला, आधी आपल्या काउंटीचा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर शोधा. नावात व्हेटरन असलं तरी ते घरच्यांनाही मदत करतात, पैसे घेत नाहीत, आणि बाकी काही हक्काचं राहून गेलंय का तेही बघतात. अपॉइंटमेंट घ्या, वर सांगितलेलं सगळं एका फाईलमध्ये लावून न्या, तो माणूस फॉर्मची नवीन आवृत्ती समोर काढून देतो. पैसे घेऊन हे करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर सरळ नाही म्हणा. आणि ऑनलाइन दुकानात ज्या गोल्ड स्टार लिहिलेल्या प्लेट मिळतात त्या भिंतीवर लावायच्या, सरकारी प्लेटच्या जागी लावल्या तर पोलीस अडवतील.

पायरी ५: गाडीचे कागद

हे पटकन. गाडीच्या रजिस्ट्रेशनवर अर्जदाराचं नाव असलं पाहिजे. आपल्याकडे आईची गाडी बऱ्याचदा मुलीच्या नाहीतर जावयाच्या नावावर असते, तर आधी आईचं नाव टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर घाला, किंवा नियमात बसत असेल तर बहीण म्हणून मुलीनेच अर्ज करावा. लीजची गाडी असेल तर लीज कंपनीला विचारा. रजिस्ट्रेशन संपत आलेलं असेल तर रिन्यूअलच्या वेळीच अर्ज करणं सोपं. इन्शुरन्स चालू हवा, आणि जिथे स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, लागते तिथे ती झालेली हवी.

पायरी ६: अर्ज, फी, नंबर

फी राज्याप्रमाणे बदलते, काही ठिकाणी पहिली प्लेट फुकट, काही ठिकाणी नेहमीचं रजिस्ट्रेशन भरावंच लागतं, काही ठिकाणी आईवडील आणि बायकोला माफ पण भावंडांना नाही. फॉर्मवर फी माफीसाठी वेगळा चौकोन असतो तिथे, आणि त्यावर खूण केली नाही तर कुणी आपणहून सांगत नाही.

नंबर साधा क्रमाने येणारा घ्यायचा की आपल्या पसंतीचा, हे घरात बसून ठरवा. पसंतीचा बहुधा महाग पडतो आणि ताऱ्याने जागा घेतल्यामुळे अक्षरंही कमी बसतात. ताईंना मुलाचं घरातलं नाव हवं होतं, मग त्यांनीच विचार बदलला, म्हणाल्या सिग्नलला प्रत्येक जण विचारेल आणि प्रत्येकाला सांगायची ताकद नाही माझ्यात. ज्यांना सांगायला आवडतं त्यांनी जरूर घ्यावं. दोन्ही बरोबर आहे.

पायरी ७: प्लेट आल्यावर

कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय इथे पुढे-मागे दोन लावायच्या, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, जॉर्जियात एकच मागे, ओहायोतही जुलै २०२० पासून मागचीच. राज्याचं नाव किंवा स्टिकर झाकेल अशी फ्रेम लावू नका. चोरी होऊ नये म्हणून वेगळ्या डोक्याचे स्क्रू मिळतात, ते घ्याच, ही प्लेट हरवली तर घरच्यांना किती लागतं ते मी सांगायला नको. जुन्या प्लेटचं काय करायचं ते सोबतच्या कागदावर असतं, काही राज्यं परत मागतात.

नंबर बदलला म्हणजे टोलचं खातंही त्याच दिवशी बदला. ईझेडपास, फास्टट्रॅक, सनपास जे असेल त्यात नवीन नंबर घाला नाहीतर महिन्याभराने दंडाची पाकिटं यायला लागतात. इन्शुरन्स कंपनी, ऑफिसचं पार्किंग, सोसायटीचं पार्किंग, पार्किंगचं ॲप, सगळीकडे.

या प्लेटमुळे अपंगांच्या जागेत पार्किंग मिळत नाही, वेगाच्या दंडातून सूट नाही. काही दुकानांबाहेर गोल्ड स्टार घरांसाठी राखीव जागा असते, तिथे मात्र हक्काने गाडी लावा. आणि प्लेटशी संबंध नाही पण कागद हातात आहेतच तर राष्ट्रीय उद्यानांचा मिलिटरी लाईफटाईम पास काढा, गोल्ड स्टार घरांना तो फुकट आहे.

आईवडील महाराष्ट्रात असतील तर

हा प्रश्न मला दोन घरांनी विचारला. प्लेट त्या राज्यात रजिस्टर असलेल्या गाडीलाच मिळते, त्यामुळे साताऱ्यातल्या गाडीला नाही. आणि भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत नंबर प्लेटवर असं काही लिहायची सोयच नाही, आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं काम भारतीय सैन्यातल्या घरांसाठी आहे. पण पिन मागता येते, डीडी फॉर्म ३ भरायचा, त्यात नातं बघतात. इथे राहणाऱ्या भावाने किंवा सुनेने तो फॉर्म आणून द्यावा आणि पिन आली की कुरियर न करता कुणीतरी सुट्टीला जाताना हातात नेऊन द्यावी.

गाडी विकताना, राज्य बदलताना

राज्य बदललं की नव्या राज्यात अर्ज पहिल्यापासून, म्हणून ती फाईल फेकू नका. गाडी विकताना किंवा बदलताना प्लेट आधी काढून घ्या, कॅलिफोर्नियात साधी प्लेट गाडीसोबत जाते पण ही विशेष प्लेट मालकाकडे राहते, तेव्हा डीलरला किल्ली द्यायच्या आधी स्क्रू काढा आणि प्लेट नव्या गाडीवर ट्रान्सफर करून घ्या. अपघातात गाडी पूर्ण गेली तर ती टोइंग यार्डात जाते आणि तिथून इन्शुरन्सवाले परस्पर उचलतात, मग प्लेट मिळत नाही. ताईंच्या गाडीला मागच्या वर्षी मागून जोरात धडक बसली, त्या सुखरूप होत्या, हॉस्पिटलमधून त्यांनी पहिला फोन मला केला तो प्लेटसाठी, आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन यार्ड बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी तिथे पोचलो. मागची वाकली होती. दोन्ही आणल्या.